एचटीबीटी लावावं का? बीटी कपाशीने काय शिकवलं ते आधी पाहा

प्रश्न: बीटी कपाशीच्या सरकीची पेंड जनावरांना चालते का? पुढे जाऊन या बियाण्याचा काही धोका आहे का? यंदा गावात एचटीबीटी (तणनाशक फवारलं तरी न मरणारी बीटी कपाशी) बियाणं मिळतंय, ते लावावं का?

उत्तर: पेंडीची काळजी करू नका. बीटी कपाशीत एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. त्यातून तयार होणारं, अळीला मारणारं बीटी प्रथिन अळीच्या आतड्यात काम करतं; जनावराच्या पोटात ते इतर प्रथिनांसारखं पचून जातं. खरा धोका दुसरीकडे आहे आणि तो आपण भोगलाय.

बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. काही वर्षांतच गुलाबी बोंडअळी आधी एका आणि मग दुसऱ्या जनुकालाही पुरून उरली. २०१७ मध्ये विदर्भात किती बोंडं किडली, ते तुम्हाला सांगायला नको. बियाण्यासोबत नॉन-बीटीचं वेगळं पाकीट यायचं. भोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्रावर ते लावायचं होतं. त्या ओळींत बीटीला बळी पडणाऱ्या साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी मिसळतात आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. ती पाकिटं न फोडता बांधावर पडलेली मी पाहिली आहेत. त्यात फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे ठेवणं. ही अळी जवळजवळ फक्त कपाशीवरच जगते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी ठेवली की तिला आपणच पोसतो. लागवड जपून केली असती, तर हे तंत्रज्ञान आणखी बरीच वर्षं टिकलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणूनच एचटीबीटी लावू नका. निंदणीची मजुरी परवडत नाही हे मला मान्य आहे. पण या बियाण्याला देशात परवानगी नाही. पाकिटावर भरवसा नाही, पावती नाही. उगवलं नाही तर तक्रार कोणाकडे करणार? शिवाय त्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं की कपाशीतली तुरीची ओळ जळते, वाऱ्याने शेजाऱ्याचं पीकही. दरवर्षी तेच तणनाशक मारत राहिलं, तर बोंडअळीसारखं तणही त्याला दाद देईनासं होतं.

यंदा मंजूर बियाणं पावतीसह घ्या आणि धूळपेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी) टाळा. पाते (फुलाच्या कळ्या) लागताच एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग ३ रात्री प्रति सापळा ८ पतंग आले तर कृषी सहायकाला बोलवा. डोमकळ्या (अळीमुळे न उमलता गुंडाळलेली फुलं) दिसल्या की वेचून नष्ट करा. आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून शेत मोकळं करा, शेजाऱ्यालाही करायला लावा.