आंबोलीतला दिवा

पहाटे आंबोलीत गाडीचा टायरच्या हवेच्या दाबाचा इशारा देणारा दिवा लागला आणि सावंतवाडीत उतरल्यावर विझला, म्हणतोस ना? मग बहुधा थंडीच. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण 1 पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होतो. काठावरचा टायर लगेच बोंब मारतो. तरी गेज (दाब मोजायचं यंत्र) लावून बघच, गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर. किती दाब हवा तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. टायरवर छापलेला कमाल दाब असतो, तो भरू नकोस (पंपावरची पोरं भरतात).

काही गाड्यांत दाबाचा सेन्सर नसतोच, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकांचे फेरे ताडून अंदाज बांधतं. तिथे हवा भरल्यावर रीसेट हवंच. दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर बहुतेकदा सिस्टीमच बिघडलेली.

एकच चाक सारखं उतरतंय? साबणाचं पाणी लाव. माझ्या गाडीला बुडबुडे आले ते थेट व्हॉल्व्हपाशी.