फोनच्या पलीकडचा माणूस

प्रिय मित्रा,

लघुपटात तू वार्ताहर करतोयस आणि निम्मे प्रसंग फोनवरचे आहेत, म्हणून मुद्दाम लिहितोय. ॲलन पाकुलाचा ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ (१९७६) दोनदा बघ. एकदा वॉटरगेटची भानगड (वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कचेरीतली घरफोडी, जिच्यापायी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना जावं लागलं) समजून घ्यायला, दुसऱ्यांदा फक्त नटांसाठी.

वार्ताहर झालेला रॉबर्ट रेडफोर्ड निक्सनच्या प्रचारासाठी पैसे जमवणाऱ्या डालबर्गला फोन लावतो, तो शॉट सुमारे सहा मिनिटांचा, न तोडलेला. २५,००० डॉलरचा चेक वॉटरगेटमध्ये पकडलेल्या घरफोड्याच्या खात्यात कसा पोचला, एवढंच विचारायचंय. कॅमेरा कळणारही नाही इतक्या संथपणे त्याच्या चेहऱ्याकडे सरकतो. छायालेखक गॉर्डन विलिसने लेन्सच्या अर्ध्या भागापुढे जादा काच लावून जवळचा रेडफोर्ड आणि मागे टीव्हीभोवती जमलेले सहकारी, दोन्ही स्पष्ट ठेवलेत. मागे गलका चाललाय आणि हा कागदावर खरडतोय. शेवटाकडे नाव घेताना तो चुकतो, सावरतो आणि पुढे जातो. तो टेक तसाच ठेवलाय, आणि बरंच झालं.

आता तुझं काम. पलीकडच्या माणसाचे संवाद पटकथेत नसतील तर पूर्ण लिहून काढ. तालमीत दुसऱ्या खोलीतून कुणाला तरी ते खरोखर फोनवर म्हणायला लाव. नट बहुतेक वेळा इथेच फसतात: पलीकडे कुणीच नसल्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर सारखाच थांबा घेतात आणि धक्का बसल्याचं भुवयांनी सांगतात. वार्ताहराला धक्का दाखवणं परवडत नाही, समोरचा फोन ठेवून देईल. हाताला लिहिण्याचं काम दे, रिसीव्हर खांद्यात धर आणि खरंच लिही. नुसती पेन्सिल हलवलीस तर क्लोजअपमध्ये लगेच कळतं.

दोघांच्या प्रसंगांसाठी रेडफोर्ड आणि त्याचा जोडीदार वार्ताहर झालेला डस्टिन हॉफमन यांनी एकमेकांचे संवादही पाठ केले होते, म्हणून ते एकमेकांना मध्येच तोडू शकतात. तुम्हीही तसंच करा.

जेन अलेक्झांडरने केलेली निक्सनच्या प्रचार समितीची हिशेबनीस मात्र सावकाश बघ. भूमिका काही मिनिटांची, तरी ऑस्कर नामांकन मिळालं. ती पूर्ण नावं सांगत नाही, आद्याक्षरांवर येऊन थांबते. भीती आवाजात कमी आणि थांबण्यात जास्त आहे. तो प्रसंग एकदा आवाज बंद करून बघ, ती कुठे सांगायला तयार होते ते मिनिट-सेकंदासकट वहीत लिही आणि पुढच्या तालमीला वही घेऊन ये.