दंडाची पावती मिळाली, गाडी सुटली, तरी प्रकरण मिटलेले नसते

आपण लिहिले आहे की, सतरा वर्षांचा मुलगा सकाळी क्लासला निघाला असताना रिंगरोडवर इंटरसेप्टर वाहनातल्या स्पीडगनने त्याच्या ११० सीसी स्कूटरचा वेग ताशी ७४ किलोमीटर नोंदवला, त्याच्याकडे लर्निंग लायसन्स असूनही पोलिसांनी अल्पवयीन चालक म्हणून गाडी जमा केली, आणि आता 'दंड भरा, गाडी घेऊन जा, विषय संपला' असे आपल्याला सांगण्यात येत आहे. गाडी आपल्या दिरांच्या नावावर आहे, हेही आपण ओघात लिहून गेला आहात. 'विषय संपला' हे शब्द आम्हीही ऐकले होते आणि त्यांच्यावर विसंबून राहिल्यामुळे आमच्या घराला जो ताप झाला, तो मूळ दंडापेक्षा कितीतरी मोठा होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वकील नाही. खाली जे आहे ते स्वतःच्या प्रकरणातून आणि नंतर कायद्याचे पुस्तक उघडून बसल्यावर कळलेले आहे, तेव्हा ते वकिलाकडून पडताळून घ्यावे. हेल्मेट, विमा, पीयूसी वगैरे आपल्याला ठाऊक असणारच. त्यात शिरत नाही.

आमच्या मुलाला अडवले तेव्हा स्कूटर माझ्या मेहुण्यांच्या नावावर, दुसऱ्या जिल्ह्यात नोंदवलेली होती. रस्त्यावरच्या पोलिसांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्यांनी मुलाला बाजूला सावलीत उभे केले, मला फोन केला, आवाज न चढवता कागद केले. त्रास सुरू झाला तो पुढच्या कार्यालयात, ज्याचे नाव मी येथे घेणार नाही. तेथील खिडकीवर आम्हाला दोन रकमा सांगण्यात आल्या : विनापरवाना वाहन चालवल्याबद्दल मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८१ खाली पाच हजार आणि तशा व्यक्तीच्या हाती वाहन दिल्याबद्दल कलम १८० खाली पाच हजार. वेगाचे ई-चलन वेगळे होते. आम्ही सगळे भरले, पावत्या घेतल्या, परवाना असलेल्या माझ्या पुतण्याने गाडी घरी आणली. 'आणखी काही राहिले आहे का' असे मी स्पष्ट विचारले, तेव्हा 'सगळे मिटले, निर्धास्त जा' असे उत्तर मिळाले. हे उत्तर लेखी मागायला हवे होते असे आता वाटते, पण खिडकीमागच्या माणसाने ते दिले असते असे मला आजही वाटत नाही.

झाले असे होते की, त्याच घटनेचे कलम १९९-अ (काही कागदांवर हेच १९९ए असे लिहिलेले असते) खालील प्रकरण स्वतंत्रपणे न्यायालयात गेले होते. मोटार वाहन अधिनियमातील हे कलम २०१९ च्या दुरुस्तीने आले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो; तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लर्निंग किंवा पक्का परवाना मिळत नाही. आता यातली खरी गोम पाहा. जे गुन्हे तडजोड शुल्क भरून जागेवर मिटवता येतात, त्यांची यादी कलम २०० मध्ये दिलेली आहे. त्या यादीत १८०, १८१ आणि वेगाचे १८३ ही कलमे आहेत, १९९-अ नाही. म्हणजे कोणत्याही चौकीला, खिडकीला किंवा साहेबाला १९९-अ पैसे घेऊन मिटवण्याचा अधिकारच नाही, ते न्यायालयातच निकाली निघते. कलम २०७ खाली अडवलेली गाडी कागदपत्रे पाहून सोडता येते, पण गाडी सोडणे आणि खटला संपणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक आम्हाला त्या कार्यालयात एकानेही सांगितला नाही.

समन्स निघाले ते मेहुण्यांच्या आरसीवरील पत्त्यावर. ते घर त्यांनी केव्हाच सोडले होते. समन्स परत गेले, कोणी हजर राहिले नाही, आणि एके दिवशी त्यांच्या नव्या घरी, शेजाऱ्यांच्या देखत, जामीनपात्र वॉरंट घेऊन हवालदार उभे राहिले. मेहुणे शाळेत शिक्षक आहेत. त्यांना ना मुलाच्या वेगाची कल्पना होती, ना आम्ही भरलेल्या दंडाची, कारण 'मिटले' असे समजून आम्ही त्यांना ताप नको म्हणून काही कळवलेच नव्हते. पुढे वकील, जामीन, तारखा, दोषारोप मान्य करून न्यायालयाने केलेला दंड, वर्षभर दारात झाकून ठेवलेली स्कूटर, आणि बहीण-भावात आलेला दुरावा. चौकशीसाठी मी त्या कार्यालयात पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी मला परिवहन कार्यालयाकडे पाठवले. तेथून उत्तर मिळाले की गाडी ज्या जिल्ह्यात नोंदवली आहे तेथे जा. आणि त्या जिल्ह्यात सांगितले की न्यायालयाच्या आदेशाची प्रत आल्याशिवाय आम्ही काही बोलू शकत नाही. प्रत्येकाचे उत्तर आपापल्या जागी बरोबर असेलही, पण पहिल्याच दिवशी 'हे कलम न्यायालयात जाईल, पत्ता बरोबर आहे का ते पाहा' एवढे सांगायला कोणाचे काय गेले असते?

तेव्हा माझा सल्ला एवढाच की, पैसे भरण्याआधी कागदावर नेमकी कोणती कलमे लिहिली आहेत ते वाचावे, आणि पावतीवर कोणती आहेत तेही पाहावे. दोन्हींत फरक असेल तर जो फरक आहे, तेच आपले उरलेले प्रकरण. आपल्या दिरांना आजच सगळे सांगावे. वाहनमालकाने पत्ता बदलल्यास तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते, हे कलम ४९ मध्ये आहे आणि आपल्याकडे जवळपास कोणी पाळत नाही. त्यांचा पत्ता जुना असेल तर तो बदलण्याचा अर्ज करावा आणि वकिलामार्फत न्यायालयात प्रकरण दाखल झाले आहे का याची स्वतःहून चौकशी करावी. समन्सची वाट पाहत बसू नये.

लर्निंग लायसन्सबद्दल आपला गैरसमज दिसतो, आणि तो केवळ आपला नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना जी मुभा आहे, ती ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीपुरती आहे. आज शोरूममध्ये उभी असलेली साधी स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची असते. पेट्रोलवरची ५० सीसीची नवी गाडी आपल्याला कोठे मिळते ते पाहा. असे असताना तो परवाना देत राहायचा, त्यासाठी पालकाची लेखी संमती घ्यायची आणि कोणत्या गाडीला तो चालतो हे ठळकपणे सांगायचे नाही, याला मी निष्काळजीपणा म्हणतो. १९९-अ मध्ये परवानाधारक अल्पवयीनाच्या पालकाला सूट आहे खरी, पण ज्या प्रकारच्या वाहनाचा परवाना आहे तेच वाहन चालवले असेल तरच. ११० सीसीवर ती मिळत नाही. उलट, संमतीपत्रावरील आपली सही पाहून 'वयाची अट आम्हाला माहीत नव्हती' हा बचाव दुबळा होतो, असे आमच्या वकिलांचे मत होते.

'त्याने न विचारता चावी घेतली' असे सांगण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. कायद्यात ती वाट आहे : गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण पुरेपूर काळजी घेतली होती, हे सिद्ध केल्यास सुटका होऊ शकते. मात्र न्यायालय आधी असेच गृहीत धरते की वाहन आपल्या संमतीने वापरले गेले, आणि तसे नव्हते हे दाखवण्याचा भार आपल्यावर येतो. मुलगा रोज त्याच गाडीने क्लासला जात असेल, तर क्लासच्या वाहनतळावरचा कॅमेरा आणि मित्रांचे फोटो आपल्या विरुद्ध बोलतील. खोटे सांगून मुलाला चोर ठरवणे मला तर मुळीच पटत नाही. खरोखर तसे घडले असेल तर गोष्ट निराळी.

नगरसेवकाला किंवा ओळखीच्या साहेबांना फोन लावण्याच्या फंदात पडू नये. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्यानंतर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर झालेला जामीन, मग रक्ताच्या नमुन्यांच्या अदलाबदलीचा आरोप, हे सारे महाराष्ट्राने पाहिले. त्यानंतर अल्पवयीन चालकाच्या प्रकरणात वरून आलेला फोन हा मदत कमी आणि संशय जास्त ठरतो. मुलापुरते प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाऊ शकते. त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, तेव्हा त्या भीतीने कोणाच्या हातापाया पडण्याचे कारण नाही.

आता थोडे कडवट लिहितो, राग मानू नये. पोलिसांनी अति केले, असा आपल्या लिखाणाचा सूर आहे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीत दुचाकीसाठी कमाल मर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे आणि स्थानिक प्रशासन ती आणखी कमी करू शकते. ७४ हा वेग परवाना असलेल्या प्रौढालाही दंड लावणारा आहे. मीही त्या दिवशी पोलिसांना बरेच बोललो होतो, पण माझा रोष आता कारवाईवर नाही, कारवाईनंतरच्या संदिग्धतेवर आहे. रस्त्यावर कडक आणि कार्यालयात गुळमुळीत, असा कारभार असला की लोकांच्या मनात कायद्याचा धाक राहत नाही, फक्त खिडकीचा धाक राहतो.

शिवाय आपला मुलगा कोणाला धडकला असता, तर हिशेब पंचवीस हजारांवर थांबला नसता. चालकाकडे वैध परवाना नसेल तर विमा कंपनीने जखमीला किंवा मृताच्या वारसांना आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, ही वाट सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालापासून रुळलेली आहे. म्हणजे रक्कम आपल्या दिरांच्या नावावर लागली असती.

एक बाजूची सूचना. आता बरेच जण परवाना लागत नाही म्हणून मुलांना विजेवरची स्कूटर घेऊन देतात. ती सवलत मोटरची शक्ती पाव किलोवॅटहून कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेल्या गाडीलाच आहे. काही विक्रेते 'वेग उघडून देतो' म्हणतात, आणि तसे केले की ती गाडी कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन होते, तेही बिननोंदणीचे. माझा सल्ला सरळ आहे : अठरा पूर्ण होईपर्यंत बस, सायकल किंवा आपण स्वतः सोडणे. गैरसोय होते, हे मान्य.

परवान्याच्या बंदीबाबत : न्यायालयाच्या आदेशात मुलाच्या परवान्याविषयी नेमके काय लिहिले आहे, त्याची प्रमाणित प्रत मागून घरी ठेवावी, कारण पुढे परिवहन कार्यालयात ती मागितली जाते आणि तेव्हा शोधाशोध करावी लागते. आपल्या हातातील पावतीवरची आणि नोटिशीवरची कलमे येथे कळवल्यास आमच्या कागदांशी ताडून सांगू शकेन. नावे, पत्ता आणि गाडीचा क्रमांक मात्र झाकूनच टाकावेत.