परड्यातला डेक आणि ६० टक्क्यांची उचल

प्रश्न: आमचं घर बेळगावात अनगोळला आहे. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर परड्यात २० फूट बाय १२ फूट, जमिनीपासून अडीच फूट उंच, लोखंडी सांगाड्यावर सागवानी फळ्यांचा डेक करायचा आहे. पुढे त्यावर पत्रे घालायचाही विचार आहे. कंत्राटदार चंदगड तालुक्यातला. लेटरहेडवर त्याने ‘डेकचे संपूर्ण काम ४,२०,००० रुपये’ एवढंच लिहून दिलंय आणि ६० टक्के आगाऊ मागतोय. २५,००० रुपये रोख दिलेत, पावती नाही. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर माझ्याबरोबर पुण्यातल्या धाकट्या भावाचं नाव आहे. शेजारी म्हणतात, काम सुरू केलंत तर महापालिकेत तक्रार करू, स्टे आणू. करार मराठीत केला तर चालेल का? आणखी काय काळजी घ्यावी?

उत्तर: पहिलं काम आजच करा. कंत्राटदाराला व्हॉट्सॲपवर साधा मजकूर पाठवा: ‘अमुक तारखेला डेकच्या कामापोटी २५,००० रुपये रोख दिले, मिळाल्याचं कळवा.’ त्याचं ‘हो’ आलं की निम्मी पावती झाली. तो संदेश पुसू नका आणि मोबाईल बदललात तरी जुना जपून ठेवा. असा पुरावा कोर्टात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ मोबाईल हाताशी असला की ते सोपं जातं. यापुढे एक रुपयाही रोख देऊ नका.

६० टक्के म्हणजे २,५२,००० रुपये. परड्यात एक खड्डाही खणलेला नसताना एवढी रक्कम गेली, तर काम अडल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही. पोलिसांकडे गेलात तर ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ऐकायला मिळेल आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता हे दिसल्याशिवाय नुसता करारभंग फसवणुकीचा गुन्हा ठरत नाही. म्हणून पैसा कामाच्या मागून जाऊ द्या. सहीबरोबर ४२,००० द्या, दिलेले २५,००० त्यात धरून. लाकूड आणि पाईप तुमच्या दारात उतरून तपासून झाले की १,२६,०००. खड्डे, काँक्रीट आणि सांगाडा उभा राहिला की १,०५,०००. फळ्या बसल्या की ८४,०००. कठडा, पायऱ्या, पॉलिश आणि राडारोडा उचलून झाला की ४२,०००. उरलेले २१,००० एक पावसाळा गेल्यावर, सप्टेंबर संपताना. बेळगावचा जुलै असल्या कामाची खरी परीक्षा घेतो. फळी फुगली, पाणी तुंबलं, वेल्डिंगला गंज धरला, तर ते तेव्हाच दिसतं.

आता त्या ‘संपूर्ण काम’ या दोन शब्दांबद्दल. असल्या वादांत निकाल बहुधा मालाच्या तपशिलावर लागतो आणि तुमच्याकडे तपशील शून्य आहे. कराराला एक स्वतंत्र पान जोडा. त्यात लाकडाची जात लिहा आणि जाडी ‘रंधा मारल्यानंतर २५ मिलिमीटर’ अशीच लिहा. नुसतं ‘एक इंची फळी’ लिहिलंत तर वखारीतून एक इंच आलेली फळी रंधा मारून २० मिलिमीटरवर येते आणि कंत्राटदार म्हणतो, ‘एक इंचीच तर घातली.’ पाच इंच रुंदीच्या, १२ फूट लांबीच्या फळ्या मधे पाच मिलिमीटर फट ठेवून बसवल्या तर २० फुटांत ४६-४७ फळ्या लागतात, म्हणजे जवळपास २० घनफूट तयार लाकूड. फट सोडली नाही तर पावसात फुगलेल्या फळ्या एकमेकींना रेटून वर उचलतात. खालचे आडवे पाईप १६ इंचांवर मागा. १२ फुटांत दहा ओळी येतात. पाईपच्या पत्र्याची जाडीही मिलिमीटरमध्ये लिहा. प्रत्येक ओळीवर फळीला दोन स्क्रू, म्हणजे साडेनऊशेच्या आसपास, आणि तेही ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. साधे लोखंडी स्क्रू सागवानात गंजतात आणि भोवती काळे डाग धरतात. खांबांचे खड्डे घट्ट मुरूम लागेपर्यंत, वेल्डिंगवर झिंक प्रायमर, मातीत वाळवीचं औषध, हेही त्याच पानावर. डेकखाली ड्रेनेजचं चेंबर येत असेल तर त्यावर उचलता येणारी झडप हवी, नाहीतर पहिल्यांदा तुंबलं की फळ्या फोडाव्या लागतील. रकमेत जीएसटी धरलाय की वेगळा, हेही स्पष्ट करा. लाकडाचं वखारीचं बिल मागा आणि स्वतःकडे ठेवा; बिनबिलाचं सागवान घरात सापडलं तर वनखात्यापुढे खुलासा घरमालकालाच करावा लागतो. डेकच्या आड झाड येत असेल तर कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा १९७६ खाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते का, ते कुऱ्हाड लावण्याआधी विचारा.

जादा काम लेखी मान्यतेशिवाय नाही, असं एक वाक्य हवंच. कामाची शेवटची तारीख घाला, ‘मुदत हा कराराचा गाभा आहे’ असं लिहा आणि उशिरासाठी रोजची रक्कम ठरवा. ती ५०० रुपयांसारखी वाजवी असू द्या. करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते आणि कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाईच देतं. ५,००० लिहून हाती काही जास्त येणार नाही. मजुरांच्या अपघाताची जबाबदारी आणि विमा कंत्राटदाराचा.

करार मराठीत केला तरी पूर्ण वैध आहे. इथल्या कोर्टात हजर करताना कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागेल, इतकंच. स्टॅम्पची चूक मात्र सीमेवर वारंवार होते. कंत्राटदार येताना चंदगडहून महाराष्ट्राचा स्टॅम्प पेपर घेऊन येईल. तो घेऊ नका. सही बेळगावात, काम बेळगावात, तेव्हा कर्नाटकाचा ई-स्टॅम्पच हवा. मुद्रांक अपुरा असेल तर शुल्क आणि दहा पट दंड भरेपर्यंत कागद पुराव्यात घेतला जात नाही. ‘वाद झाल्यास बेळगाव न्यायालय’ हे कलम घाला. काम इथलं असल्याने ते टिकतं. त्याच्या आधार-पॅनची प्रत आणि गावाकडचा पत्ता घ्या. उद्या हुकूमनामा झाला तर वसुलीसाठी तो त्याची मालमत्ता असेल तिथल्या कोर्टाकडे पाठवावा लागेल, तेव्हा हा पत्ताच कामी येतो.

परवानगी लागत नाही, असं कंत्राटदार सांगेल. त्याच्यावर विसंबू नका. खांब आणि पत्रे आले की ते बांधकामात मोजलं जाण्याची दाट शक्यता आहे. कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६ च्या कलम २९९ प्रमाणे अर्ज मालकाने करायचा असतो आणि कलम ३२१ खाली विनापरवाना काम पाडण्याची नोटीसही मालकालाच येते; कंत्राटदार तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. पत्रे पुढे घालायचे असले तरी आत्ताच नकाशात दाखवा. परवानगी एकदाच होईल आणि खांबांचे पायही छपराच्या भाराचे घालता येतील. गाऱ्हाण्याचं निवेदन मराठीत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० ने दिलेला आहे, पण परवानगीचा अर्ज त्यात थेट येत नाही. तेव्हा महापालिकेला अर्ज मराठीत दिलात तरी काम लवकर व्हावं म्हणून सोबत कन्नड प्रत जोडा. (तुमच्यासारखं काम हद्दीबाहेरच्या गावात करणाऱ्यांनी पंचायत राज कायदा १९९३ च्या कलम ६४ प्रमाणे ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी.)

भावाचं संमतीपत्र घ्या. सहमालक म्हणून तो काम थांबवू शकतो. आज तुमचं कितीही गोडीत असलं तरी, वाटणीच्या वेळी डेकचा खर्च कोणाचा धरायचा ते त्या पत्रात लिहून ठेवा.

शेजाऱ्यांच्या बाबतीत हद्दीची मोजणी खांब रोवण्याआधी करून घ्या. तीन इंच अतिक्रमण निघालं तरी खांब काढायची वेळ येऊ शकते. पत्र्याचा उतार आणि पन्हळ तुमच्याच परड्याकडे ठेवा. पागोळीचं पाणी त्यांच्या भिंतीवर पडलं तर त्यांची तक्रार रास्त ठरेल. त्यांच्या खिडकीचा उजेड-वारा २० वर्षांपासून तिकडून येत असेल तर तो सुविधाधिकार कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा छपराची उंची त्या हिशोबाने ठरवा. एवढं केल्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल करा. ते ९० दिवस चालतं आणि तुम्हाला न ऐकता मनाईचा आदेश निघण्याचा धोका टळतो.

कंत्राटदार असा करार करायला तयार नसेल तर काम देऊ नका. आधी लेखी संदेशाने २५,००० परत मागा, मग १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह त्याच्या गावच्या पत्त्यावर पाठवा. तरीही परत केले नाहीत तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कारण तुम्ही राहता तिथे दाद मागायची मुभा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ देतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.