वेबसाइटच्या आधी पाऊस सांभाळ

फोंड्याला बोन्सायची नर्सरी काढतेस आणि वेबसाइटवरूनही झाडं विकणार हे ऐकून मनापासून आनंद झाला. पण वेबसाइटची घाई जूनमध्ये नको. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि उथळ कुंडीतलं झाड पाण्याअभावी मरतं त्याहून लवकर मुळं कुजून मरतं. मातीत विटांचे चाळलेले तुकडे भरपूर घाल, बारीक धूळ काढून टाक. माझी पहिल्या पावसाळ्यातली अकरा झाडं मी नुसत्या बागेच्या मातीत लावली होती. चवथीपर्यंत चार उरली. अजून वाईट वाटतं.

सुरुवात नांदरूक, वड, चिंच, बोगनवेल यांच्यापासून कर. जुनिपर हा थंड हवेतला सूचिपर्णी वृक्ष फोटोत सुंदर दिसतो, पण आपल्या दमट उष्म्यात नवख्या हाती टिकत नाही. तो विकूच नको. पावसाळ्यात फांद्या झपाट्याने जाड होतात, म्हणून आकार देण्यासाठी फांद्यांना गुंडाळलेली तार दर आठवड्याला तपास, नाहीतर सालीत रुतते आणि तो व्रण वर्षानुवर्षं जात नाही.

वेबसाइटवर मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळ: ज्या झाडाचा फोटो, तेच झाड गिऱ्हाइकाला. प्रत्येकाला क्रमांक दे, उंची आणि कुंडीची लांबी लिही, विकलं की लगेच तसं दाखव. फोटो सकाळच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर, कॅमेरा कुंडीच्या पातळीवर धरून काढ. कुरियर पुढच्या वर्षी बघू. आधी पणजी-मडगावपर्यंत स्वतः पोचव. कुंडी बदललेलं झाड निदान दोन महिने विक्रीला काढू नको.