मानेतल्या गाठी आणि गंडमाळेची भीती

प्रश्न : डॉक्टर, मुलगी साडेतीन वर्षांची आहे. महिन्यापूर्वी सर्दी-ताप झालेला, तो गेला पण मानेला दोन्ही बाजूंना हरभऱ्याएवढ्या गाठी लागतात, हात लावला की सरकतात, दुखत नाहीत. खाते-खेळते नीट. सासूबाई म्हणतात गंडमाळ आहे, टीबीची तपासणी करा. मी नेटवर कॅन्सरचं वाचलं, तेव्हापासून झोप नाही. काय करू? (एक आई, बार्शी)

उत्तर : ताई, आधी ते नेट बंद करा. एवढ्याशा, सरकणाऱ्या गाठी आणि पोर खेळतंय, म्हणजे काळजीचं कारण बहुतेक नाहीच. या ग्रंथी सगळ्यांनाच असतात, सर्दी, घसा, टॉन्सिल झालं की फुगतात, ताप चार दिवसांत जातो पण गाठ बसायला महिना-दीड महिना सहज लागतो, काहींची बारीकशी राहतेही. १ सेंटीमीटरपर्यंत आम्ही नुसतं लक्ष ठेवतो.

तुम्ही तिचं डोकं बघितलं का? मानेच्या मागे, कानामागे गाठी असल्या की बऱ्याचदा उवा निघतात, नाहीतर खाजवून झालेले फोड. जबड्याखाली असतील तर दाढा बघा, दुधाचे दात पडणारच म्हणून किडलेली दाढ कोणी दाखवतच नाही.

सासूबाईंचं अगदीच चूक नाही हं, आपल्याकडे मुलांना गाठींचा टीबी होतो. पण त्या गाठी वाढत जातात, २ सेंटीमीटरच्या पुढे, एकमेकींना चिकटतात, सोबत २ आठवड्यांच्या वर ताप किंवा वजन घटणं असू शकतं. घरात कोणाला टीबी असेल तर ते डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा, ५ वर्षांखालच्या मुलांना आजार नसला तरी प्रतिबंधक औषध देतात. नुसती मांटू (हातावर सुई टोचून करतात ती टीबीची चाचणी) पॉझिटिव्ह आली म्हणजे गाठीचा टीबी ठरला असं नाही, सुईने गाठीतला नमुना काढून सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी) करतात, सरकारी दवाखान्यात फुकट होतं. 'बघू गोळ्या देऊन' म्हणत कोणी टीबीचा ६ महिन्यांचा कोर्स अंदाजाने सुरू करत असेल तर सरळ विचारा, कशावरून?

गाठ कडक असेल, हलत नसेल किंवा कॉलर बोनच्या वर असेल तर थांबू नका, लगेच दाखवा. लाल, गरम झाली, मान वळेना, गिळता येईना, तर त्याच दिवशी.

बाकी, पट्टीने मोजून तारखेसकट लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी परत मोजा, रोज दाबून बघू नका, दाबूनच दुखायला लागते. आणि बिब्बा, चुना काही लावू नका, कातडी भाजलेली पोरं येतात माझ्याकडे.