मीटरभर कॉकपिट

प्रिय दोस्ता,

जुन्या काळच्या वैमानिक बाईवरच्या चित्रपटाची तुझी बारा पानांची संहिता वाचली. सात उड्डाणं, दोन वादळं आणि एक अपघात. तुझ्या हातात असलेल्या पैशांत यातलं एकही धड होणार नाही. एक उड्डाण ठेव, तेही दोन मिनिटांचं. बाकीचा चित्रपट जमिनीवर आण. जुन्या काळच्या वैमानिक बायकांचा बराचसा वेळ तसाही जमिनीवरच जायचा: इंजिन उघडण्यात, नकाशे दुमडण्यात, परवानगीच्या कागदांची वाट पाहण्यात.

कोणावर करायचा हे ठरवताना नुसतं 'पहिली कोण' एवढंच पाहू नकोस. त्या बाईसाठी कुठलं विमान बांधावं लागेल, तेही पाहा. रेमंड द लारोशला ८ मार्च १९१० रोजी परवाना मिळाला. वैमानिकाचा परवाना मिळवणारी जगातली पहिली स्त्री ती. पण त्या काळच्या विमानांचे सांगाडे उघडे. काठ्या, तारा, इंजिन, सगळं प्रेक्षकाला दिसतं आणि ते सगळंच बांधावं लागतं. हॅरिएट क्विम्बीने १६ एप्रिल १९१२ला एकटीने इंग्लिश खाडी ओलांडली. आदल्याच दिवशी टायटॅनिक बुडालं होतं, त्यामुळे तिची बातमी वर्तमानपत्रांत कोपऱ्यात गेली. ती स्वतःही पत्रकारच. एक खोली, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि आपली बातमी शोधणारी बाई. विमान न दाखवता होणारा चित्रपट हवा असेल तर हा आहे.

विमान हवंच असेल तर १९३०ची एमी जॉन्सन घे. ५ मे रोजी लंडनच्या क्रॉयडनहून निघाली, २४ मे रोजी ऑस्ट्रेलियात डार्विनला पोचली, एकटी, जिप्सी मॉथ विमानातून. त्याआधीचं तिचं सगळ्यात लांबचं उड्डाण होतं लंडन ते हल, म्हणजे इंग्लंडातल्या इंग्लंडात! वाटेत रंगूनजवळ इनसीनला मैदानावर उतरताना विमान चरात गेलं आणि पंख व प्रोपेलर मोडला. जादा प्रोपेलर तिने विमानाच्या अंगालाच बांधून आणला होता. विमानदुरुस्तीचा परवाना तिच्याकडे होता, तेव्हा हात काळे झालेलेच दाखव. एक मैदान, एक मोडका पंख, चार-पाच माणसं. तुझी संहिता इथेच आहे.

आता खोट्या कॉकपिटचं बांधकाम. मॉथला पुढे-मागे दोन कॉकपिट; एकट्याने चालवायचं तर वैमानिक मागच्या कॉकपिटमध्ये बसतो. आपल्याला तेवढंच लागतं: काचेच्या पुढे वीतभर ते डोक्याच्या मागे हातभर, म्हणजे साधारण सव्वा मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद. आडवे साचे ९ मिमी प्लायचे, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या २० बाय २० मिमी, वरून ४ मिमी प्लाय. तिच्या विमानाचं अंगही प्लायचंच होतं, कापडाचे होते ते पंख. कडेला पाण्याच्या पाइपवर चढवतात ती फोमची नळी उभी चिरून बसव, त्यावर तपकिरी रेक्झिन ताण आणि जाड दोऱ्याने हाताने शिव. क्लोजअपमध्ये निम्मा वेळ हीच कड दिसणार आहे. त्यामुळे इथे मशीनची शिवण चालणार नाही.

पंखाचा दीड मीटरचा तुकडा पुरे. फळ्यांच्या सांगाड्यावर सुती कापड ताणून, लाकूडकामाचा पांढरा गोंद निम्मा पाण्यात पातळ करून दोन हात दे. वाळताना कापड ढोलकीसारखं ताठ होतं. गोंद घट्ट राहिला तर कापड चकाकतं आणि प्लास्टिकसारखं दिसतं. खळ वापरू नकोस, दमट हवेत ती सैल पडते. खरी गंमत फासळ्यांवर, म्हणजे कापडाखालच्या सांगाड्याच्या आडव्या पट्ट्यांवर आहे. प्रत्येक फासळीवर आधी सुतळीच्या छोट्या गाठी चार बोटांच्या अंतराने चिकटव, मग त्यांवर चार सेंटिमीटर रुंद कापडी पट्टी. तिरप्या उजेडात गाठींचे उंचवटे उठून दिसतात आणि पंख शिवलेला वाटतो.

हा सांगाडा जमिनीवर ठेवून मागे हिरवा पडदा लावायच्या भानगडीत पडू नकोस. उडणारे केस आणि मफलरच्या कडा त्यातून स्वच्छ निघत नाहीत. गच्चीवर किंवा टेकडीवर ने, कॅमेरा खाली ठेव, मागे खरं आकाश येऊ दे. खाली मोटारीच्या टायरची ट्यूब, बाजूंना दोन मीटरचे दोन बांबू आणि ते हलवायला दोन माणसं. ती डोलवतील, पण हळू. नवखे लोक होडी हलवल्यासारखं हलवतात. विमान वळतंय हे प्रेक्षकाला डोलण्यापेक्षा सावलीमुळे जास्त पटतं. दुपारनंतर सूर्य तिच्या मागे-वर असताना एकाने काळं कापड लावलेली चौकट धरून सावली गालावरून कानाकडे सरकवायची, सहा-सात सेकंदांत. आणि दिशेचं भान ठेव. ती पूर्वेला चालली आहे. सकाळच्या उजेडात डोक्यामागे सूर्य दिसला तर ती परत निघाली असं वाटेल.

वाऱ्यासाठी घरचा पंखा पुरत नाही. मॉथ ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर उडायचं. पाचोळा उडवायचे दोन ब्लोअर लाव, समोरून आणि किंचित खालून. काचेआड चेहरा तुलनेने शांत राहतो, फडफडतात ते खांदे आणि मफलरचं टोक. ब्लोअरपुढची माती आधी झाडून घे, गोगल घातलेला असला तरी. त्या गोंगाटात ध्वनिमुद्रण होणार नाही, पण तुला त्याची गरजही नाही. उघड्या कॉकपिटमध्ये एकटी बाई बोलेल कोणाशी? रेडिओही नव्हता. संहितेत तिने आकाशात म्हटलेली चारही वाक्यं काढून टाक.

प्रोपेलर हाताने फिरवून इंजिन चालू करायचे. खोटा प्रोपेलर मोटरवर फिरवू नकोस, तुटला तर माणूस जाईल. मेकॅनिक हाताने अर्धा फेरा देतो तेवढं घे. लगेच तिच्या चेहऱ्यावर कट, त्याच क्षणी ब्लोअर चालू, त्याच क्षणी इंजिनाचा आवाज. आवाज चार सिलिंडरच्या रांगेतल्या इंजिनाचाच शोध. मोठ्या गोल इंजिनाचा जाड गुरगुराट लावलास तर जाणकार हसतील. एखाद्या संग्राहकाने खरं विमान तासभर दिलंच, तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावून शटर एक-पन्नासांश सेकंद ठेव. उन्हात शटरचा वेग आपोआप वाढला की प्रोपेलर केळ्यासारखा वाकडा दिसतो.

नटीला स्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी, मोटारीच्या स्टिअरिंगसारखी फिरवू देऊ नकोस. मनगट जेमतेम बोटभर हलतं. जमिनीवर विमानाचं नाक वर असतं, समोरचं दिसत नाही, म्हणून मान बाहेर काढून पाहायचं. गोगल काढल्यावर डोळ्यांभोवती स्वच्छ गोल आणि बाकी चेहरा काळपट. त्यासाठी कोळशाची पूड आणि ग्लिसरीन.

काळ चुकतो तो लहान गोष्टींत. धावपट्टी नको, गवत हवं. आकाशात जेटची पांढरी रेघ आली की शॉट गेला. आणि मनगटावरचं घड्याळ: क्वार्ट्‌झचा सेकंदकाटा थांबत-थांबत उडी मारतो, चावीचा सलग सरकतो. क्लोजअप घेणार असशील तर चावीचंच आण, नाहीतर काटाच काढून टाक.

रंगाचा पहिला हात मारण्याआधी नुसत्या प्लायमध्येच वीस सेकंदांचा चाचणी शॉट घे. एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून ऐक. दोन्हींपैकी कशात विमान उडत नाही तेवढं मला कळव.